वनविहार आणि वनवास

ता. २१ मे २०२५ रोजीं लंडन येथील सर्वोच्च न्यायालयानें एका दाव्याचा निकाल दिला. दावा डेव्हन परगण्यांतील डार्टमूर नांवाच्या उंच माळरानासंबंधानें होता. तेथील सामायिक कुरणांवर पायीं किंवा घोड्यावरून, मोकळ्या हवेंतील विहारासाठीं, जाण्याचा हक्क १९८५ च्या एका कायद्यानें सर्व लोकांस दिलेला आहे. त्या माळावर जमीन असलेल्या एका दांपत्याचें म्हणणें असें कीं, चालणें हा विहार खरा. परंतु राहुटी ठोकून रात्रीं तेथेंच निजणें हा विहार नव्हे, आणि म्हणून तसें करावयाचें तर मालकाची परवानगी हवी. २०२३ च्या जानेवारींत हायकोर्टास हें म्हणणें पटलें; त्याच वर्षीं जुलैंत अपील-कोर्टानें तें फेटाळलें; आणि शेवटीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें ठरविलें कीं, रानांत राहुटी टाकून रात्र काढणें हाहि विहारच होय.

आम्ही कायदेपंडित नव्हे. परंतु हें वृत्त वाचतांना आम्हांस राहून राहून असें वाटलें कीं, न्यायमूर्तींपुढें आलेला प्रश्न मुळांत वाङ्मयाचा होता. उघड्या डोंगरावर एकट्यानें निजणें याचा अर्थ काय? चालून आलेला शीण घालविण्याची ती केवळ एक सोय आहे, कीं त्या साऱ्या प्रवासाचें तेंच सार आहे? या प्रश्नाचें उत्तर एका स्कॉटिश लेखिकेनें दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एका लहानशा प्रकरणांत देऊन ठेविलें होतें. आणि त्याच प्रश्नाची दुसरी, कडू बाजू तिच्याहि आधीं शंभर वर्षें त्याच देशांतील कांहीं दरिद्री कुटुंबांनीं एका प्रार्थनामंदिराच्या खिडकीवर कोरून ठेविली होती. ब्रिटनच्या दूरच्या डोंगरांत एकट्यानें हिंडण्याचें जें विपुल वाङ्मय आज आपल्यापुढें आहे, तें या दोन टोंकांच्या मध्यें पसरलेलें आहे. त्यांतील कांहीं ग्रंथांचें मोल, दोन्ही टोंकांवर दृष्टि ठेवून, ठरवून पाहावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्याकडे 'दुरून डोंगर साजरे' अशी म्हण आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजांत जें डोंगरप्रेम उगवलें, तें बरेचसें याच म्हणीस धरून होतें. टॉमस वेस्ट याच्या १७७८ च्या प्रवासपुस्तकांत सरोवरप्रांतांतील देखावे कोठें उभें राहून पाहावे, तीं ठिकाणेंसुद्धां नेमून दिलेलीं होतीं. डोंगर हें एक चित्र, आणि पाहणारा त्या चित्राच्या चौकटीबाहेर उभा, अशी ती रसिकता होती. कवि कोलरिज यानें ही चौकट मोडली. १८०२ च्या ऑगस्टांत, घरांतील झाडूचा दांडा काढून तीच काठी हातीं घेऊन, तो एकटाच निघाला आणि नऊ दिवस त्याच प्रांतांतील डोंगरांतून हिंडला. स्कॉफेल शिखरावरून उतरतांना तो एका अवघड कड्यावर अडकला आणि कसाबसा सुटला. त्या प्रवासासंबंधीं त्यानें लिहिलेलीं पत्रें व टिपणें वाचतांना असें जाणवतें कीं, लिहिणाराचें शरीर डोंगराच्या आंत आहे. हातपाय थरथरत आहेत, आणि तरीहि मन आनंदानें भरून गेलें आहे. एकट्यानें डोंगरांत जाणाराच्या इंग्रजी गद्याचा उगम आम्ही येथें मानतों.

परंतु त्यानंतरच्या शतकांत डोंगर मोकळे राहिले नाहींत. सामायिक जमिनींस कुंपणें पडलीं. मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखान्यांच्या शहरांमध्यें जे उंच माळ आहेत, त्यांवर जमीनदारांनीं ग्राउझ नांवाच्या पक्ष्यांची शिकार राखली आणि पायीं येणारास मज्जाव केला. २४ एप्रिल १९३२ रोजीं सुमारें चारशें जण, त्यांत बरेचसे तरुण कामकरी, ही बंदी मोडून किंडर स्काउटच्या माळावर चढले. त्यांपैकीं पांच जणांस दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पुढें १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि २००० सालच्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील डोंगर व माळरानें यांवर चालण्याचा हक्क मान्य झाला. निजण्याचा मात्र झाला नाहीं. स्कॉटलंडनें २००३ च्या कायद्यानें दोन्ही हक्क दिले. अट एवढीच कीं, थोड्या जणांनीं जावें, एका जागीं दोन-तीन रात्रींहून अधिक राहूं नये आणि मागें कांहीं खूण ठेवूं नये. म्हणजे आजहि, डार्टमूर सोडल्यास, इंग्लंडच्या डोंगरांत राहुटी टाकणारा मनुष्य बहुधा कोणाच्या तरी परवानगीवर किंवा दुर्लक्षावर रात्र काढीत असतो. शेवटच्या गडग्याच्या वर चढून जावयाचें, अंधारूं लागतां राहुटी उभारावयाची आणि उजाडतांच ती उतरावयाची, असा तेथला शिरस्ता आहे. या वाङ्मयांतील 'मी' थोडा चोरपावलांनीं वावरतो, त्याचें कारण केवळ त्याचा स्वभाव नव्हे, कायदाहि आहे.

आतां ज्या ग्रंथास आम्ही या वाङ्मयांत पहिलें स्थान देतों त्याकडे वळूं. नॅन शेपर्ड या बाईंचा जन्म १८९३ सालीं ॲबरडीनजवळ झाला. त्याच भागांत जन्मभर राहून त्यांनीं शिक्षक होऊं इच्छिणारांस वाङ्मय शिकविलें. १९२८ ते १९३३ या अवधींत त्यांच्या तीन कादंबऱ्या आणि १९३४ सालीं एक काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. महायुद्धाच्या शेवटल्या वर्षांत त्यांनीं केर्नगॉर्म पर्वतासंबंधीं 'द लिव्हिंग माउंटन' हें पुस्तक लिहिलें; मराठींत त्यास 'सजीव पर्वत' म्हणतां येईल. कादंबरीकार नील गन यांनीं हस्तलिखित वाचून वाखाणलें, परंतु त्यास प्रकाशक मिळणें अवघड, असेंहि कळविलें. हस्तलिखित खणांत गेलें आणि सुमारें तीस वर्षें तेथेंच पडून राहिलें. १९७७ सालीं तें ॲबरडीन विद्यापीठाच्या छापखान्यांतून निघालें. चार वर्षांनीं बाई वारल्या. जिवंतपणीं ज्यांस फारसें कोणी ओळखीत नव्हतें, त्यांचें चित्र २०१६ सालीं एका स्कॉटिश बँकेच्या पांच पौंडांच्या नोटेवर छापलें गेलें.

केर्नगॉर्म म्हणजे ग्रॅनाइटचें एक विस्तीर्ण पठार आहे. त्यावरील सर्वांत उंच शिखर बेन मॅकडुई हें १३०९ मीटर, म्हणजे आमच्या कळसूबाईहून तीनशेंहून अधिक मीटर ठेंगणें. तेव्हां सह्याद्रींत वाढलेल्या वाचकास या पर्वताची थोरवी उंचीवरून कळावयाची नाहीं. तो सत्तावन्न अक्षांशावर आहे. वर्षांतल्या कोणत्याहि महिन्यांत तेथें हिम पडूं शकतें, आणि वारा असा कीं उभ्या माणसास तो आडवा करतो. १९७१ च्या नोव्हेंबरांत त्या पठारावर वादळांत सांपडून पांच विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरची एक तरुण मदतनीस, असे सहा जण गारठून मेले. अशा ठिकाणीं एक मध्यमवयीन शिक्षिका एकटी हिंडते, उघड्यावर निजते आणि परत येऊन त्यासंबंधीं लिहितांना स्वतःच्या धैर्याविषयीं अवाक्षर काढीत नाहीं! पुस्तकाचीं बारा प्रकरणें पाहावीं: पठार, दऱ्या-कपारी, पर्वतसमूह, पाणी, हिम, हवा व उजेड, वनस्पति, पशुपक्षी, मनुष्य, निद्रा, इंद्रियें आणि शेवटीं अस्तित्व, असा तो क्रम आहे. प्रवासाची हकीकत म्हणून जिला आरंभ आणि शेवट असतो, तसें येथें कांहीं नाहीं. कोणत्या दिवशीं कोठून निघालों आणि कोठें पोंचलों याचा हिशेब नाहीं. सबंध आयुष्यांतील शेंकडों फेऱ्या एकांत एक विरघळून गेल्या आहेत.

तरुणपणीं आपणहि शिखरांच्या मागें होतों आणि कालांतरानें तो नाद सुटला, हें बाई सांगतात. शिखर गांठण्याऐवजीं पर्वताच्या आंत जावें, त्याच्याभोंवतीं फिरावें, त्याच्या सहवासांत नुसतें असावें, एवढीच इच्छा उरली. शेवटच्या प्रकरणांत, बौद्ध यात्रेकरू पर्वताच्या यात्रेस कां जातो तें आपणांस थोडेंसें कळूं लागलें आहे, अशी त्यांची कबुली आहे. आमच्या वाचकास येथें प्रदक्षिणा हा शब्द आपोआप आठवेल. कैलासाची यात्रा करणारा कैलासावर चढत नाहीं. परंतु आमच्याकडे जी गोष्ट परंपरेनें हातीं दिली आहे ती या बाईंस, गिर्यारोहणाच्या चढाईखोर वाङ्मयाच्या ऐन मध्यांत राहून, आपल्या पायांनीं शोधून काढावी लागली. या शोधाची किंमत वेगळीच आहे.

आतां तें निद्रेचें प्रकरण. आम्हांस त्याचा आशय समजला तो असा. जागेपणीं मनुष्य डोंगराकडे कांहीं तरी हेतु धरून पाहत असतो. झोप लागूं लागतांच तो हेतु सैल होतो आणि शरीर जमिनीवर, दगडावर, हवेंत निवांत पडून राहतें. पुढें झोप तुटते, तेव्हां क्षणभर आपण कोण व कोठें हें त्यास आठवत नाहीं. मनांत कांहीं नाहीं आणि डोळे मात्र उघडे आहेत, अशा त्या क्षणांत डोंगर जणूं प्रथमच दिसतो. शेजारीं चरणारें हरीण किंवा पाखरूं या निश्चल देहास बुजत नाहीं. म्हणून डोंगरावर निजल्यावांचून डोंगर पुरता कळत नाहीं, असें बाईंचें म्हणणें आहे. उत्तरेकडील उन्हाळ्यांत रात्र पुरती काळोखी होतच नाहीं. त्या संधिप्रकाशांत हें झोपणें-जागणें एकमेकांत मिसळून जातें. हें सारें इतक्या साध्या वाक्यांत सांगितलें आहे कीं, त्यांतील विचाराची खोली दुसऱ्या वाचनापर्यंत लक्षांत येत नाहीं. निद्रा हा विहाराचा भाग आहे कीं नाहीं यावर अडीच वर्षें काथ्याकूट करणाऱ्या वकिलांस हें आठ-दहा मिनिटांचें प्रकरण आरंभींच वाचावयास दिलें असतें, तर त्यांचे पुष्कळ श्रम वांचले असते.

शेपर्डबाईंशेजारीं या क्षेत्रांतील दुसऱ्या दोन ख्यातनाम लेखकांस ठेवून पाहूं. स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांवरील डोंगरांची यादी ह्यू मन्रो यानें १८९१ सालीं प्रसिद्ध केली. त्या यादींत आज २८२ नांवें आहेत, आणि तीं सर्व 'पुरीं' करणें हें तेथील हजारों लोकांचें व्रत होऊन बसलें आहे. हेमिश ब्राउन यांनीं १९७४ सालीं त्या वेळच्या यादींतील सर्व २७९ डोंगर एकाच सलग प्रवासांत ११२ दिवसांत पालथे घातले. १९७८ सालीं निघालेलें त्यांचें पुस्तक उमदें व खेळकर आहे. पाऊस, चिलटें, भिजलेले मोजे आणि डब्यांतलें अन्न यांच्या त्या रोजनिशींत जो चांगुलपणा आहे, तो नाकारण्याचें आमच्या मनांत नाहीं. परंतु संख्या हा मोठा धाकदपटशाचा धनी आहे. ज्या ठिकाणीं थांबावें तेथूनच निघावें लागतें, कारण यादीतलें पुढलें नांव वाट पाहत असतें. वाचक लेखकाच्या पायांचें कौतुक करतो, आणि डोंगर मात्र त्याच्या हातून निसटत राहतात.

आल्फ्रेड वेनराइट यांची गोष्ट निराळी. केंडल गांवच्या नगरपालिकेंत खजिनदार असलेल्या या गृहस्थांनीं सरोवरप्रांतांतील २१४ डोंगरांवर सात मार्गदर्शक पुस्तकें लिहिलीं. तीं १९५५ ते १९६६ या अवधींत निघालीं, आणि त्यांतील प्रत्येक पान, अक्षर, नकाशा व चित्र यांसह, त्यांनीं स्वतःच्या हातानें रेखलेलें आहे. तेहि संख्येच्या बंधनांत होते आणि तेहि एकटेच हिंडत. परंतु खजिनदाराचा काटेकोरपणा त्यांच्या हातीं भक्तीचें रूप घेतो. कोणता गडगा कोठें मोडला आहे, जुन्या खाणीचें तोंड कोठें आहे, मेंढ्यांचा वाडा वाटेच्या कोणत्या अंगास आहे, हें त्यांनीं टिपलें. मार्गदर्शक पुस्तकास वाङ्मय म्हणावें काय, असा प्रश्न येथें निघेल. आमचें उत्तर असें कीं, एखाद्या भूमीवर मनुष्याच्या हातांनीं काय काय केलें आहे याची इतकी प्रामाणिक नोंद ज्या पानांत आहे, तीं पानें पुष्कळशा अलंकारिक निसर्गवर्णनांहून वाङ्मयाच्या अधिक जवळ आहेत.

या नोंदीचें महत्त्व कां, तें रॉबर्ट मॅकफार्लन यांच्या 'द वाइल्ड प्लेसेस' या २००७ च्या पुस्तकावरून दिसून येईल. ब्रिटनमध्यें अजून खरीखुरी रानें उरलीं आहेत काय, या शोधांत लेखक बेटें, दऱ्या, दलदलीचे माळ आणि समुद्रकांठ पालथे घालतो व ठिकठिकाणीं उघड्यावर निजतो. भर हिंवाळ्यांत बेन होप या उत्तरेकडील शिखराच्या माथ्यावर काढलेली रात्र हें आमच्या मतें त्यांतलें उत्कृष्ट प्रकरण होय. तेथें त्यांस कोणताहि साक्षात्कार झाला नाहीं. थंडीनें झोप लागली नाहीं, डोंगर संपूर्णपणें बेपर्वा वाटला आणि केव्हां एकदां खालीं उतरतों असें झालें. ही कबुली देणें सोपें नव्हतें, कारण या प्रकारच्या वाङ्मयांत माथ्यावरील रात्रीनंतर कांहीं तरी दिव्य प्रत्यय यावयाचा असा संकेतच पडून गेला आहे. इतरत्र मात्र मॅकफार्लन यांची भाषा कित्येकदां नको तितकी नटते. २००८ च्या मार्चांत कवयित्री कॅथलीन जेमी यांनीं लंडनच्या एका वाङ्मयीन पत्रांत या पुस्तकाचें जें परीक्षण केलें तें गाजलें. भारावलेला असा एक एकटा पुरुष, हें शीर्षकांतच त्यांनीं या लेखकाचें चित्र काढलें. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता कीं, ज्यास हे बाहेरून आलेले लेखक रान म्हणतात तें कोणाचें तरी राहतें ठिकाण आहे किंवा होतें, आणि एकट्या पुरुषाच्या भारावलेपणांत तेथील माणसें दिसेनाशीं होतात.

प्रथम वाचलें तेव्हां हें परीक्षण आम्हांस फार कठोर वाटलें होतें. एकांताचा आनंद घेणाऱ्या माणसास समाजशास्त्राचा जाब कां विचारावा, असें आमचें मत होतें. आज तें मत राहिलें नाहीं. बदल घडविला तो स्कॉटलंडच्या इतिहासानें.

उत्तर स्कॉटलंडांतील ज्या दऱ्यांत आज दिवसभर चालून एक मनुष्य भेटत नाहीं, त्यांतील पुष्कळ दऱ्या दोनशें वर्षांपूर्वीं वसलेल्या होत्या. गेलिक बोलणारीं कुळें तेथें ओट व बटाटे पिकवीत, गुरें पाळीत. मेंढ्यांपासून अधिक उत्पन्न येतें असें दिसतांच जमीनदारांनीं कुळांस उठविलें. सदरलंड इस्टेटीनें १८१४ आणि १८१९ सालीं स्ट्रॅथनेव्हर दरी रिकामी केली. लोक पुन्हां परतूं नयेत म्हणून घरांचीं छपरें जाळलीं गेलीं. या कामीं पुढाकार घेणाऱ्या पॅट्रिक सेलर नांवाच्या कारभाऱ्यावर १८१६ सालीं इन्व्हर्नेस येथें खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. कांहीं लोक समुद्रकांठच्या खडकाळ पट्टीवर गेले, कांहीं कॅनडाकडे निघून गेले. दऱ्यांत मेंढ्या आल्या आणि पुढें कित्येक ठिकाणीं श्रीमंतांच्या शिकारीसाठीं हरणें राखलीं गेलीं. आजचा पांथस्थ ओढ्याकांठचा हिरवागार सपाट तुकडा पाहून तेथें राहुटी टाकतो. तो तुकडा हिरवा आणि सपाट कां आहे? कारण पिढ्यान् पिढ्या तेथें माणसांनीं खत घालून शेत केलें होतें. शेजारीं गवतांत बुडालेलीं दगडांचीं जोतीं दिसतात. आमच्याकडे अशा जागेस ओसाड पांढरी म्हणतात.

१८४५ च्या मे महिन्यांत ग्लेनकॅल्वी या दरींतील कुळें अशींच उठविलीं गेलीं. जावयास जागा नाहीं म्हणून सुमारें ऐशीं माणसें, लहान पोरांसुद्धां, जवळच्या क्रोइक गांवच्या प्रार्थनामंदिराच्या आवारांत, थडग्यांच्या शेजारीं, येऊन राहिलीं. खांबांवर ताडपत्री ताणून आणि बाजूंस कांबळीं व चादरी लावून त्यांनीं आडोसा केला. लंडनच्या 'टाइम्स' पत्राच्या बातमीदारानें तें दृश्य पाहून लिहिलें. त्या लोकांनीं मंदिराच्या खिडकीच्या कांचांवर आपली हकीकत कोरून ठेविली. ती आजहि वाचतां येते. त्यांची बोली गेलिक, परंतु कोरलें तें इंग्रजींत. त्यांत जमीनदारास शिव्याशाप नाहींत. एका ठिकाणीं तर ते स्वतःसच दुष्ट पिढी म्हणवितात. जणूं हें सारें आपल्याच पापांचें फळ होय.

आमच्या भाषेंत या दोन प्रकारच्या रात्रींस दोन शब्द आहेत. आपण होऊन रानांत जातो त्याचा वनविहार. ज्यास घरांतून घालविलें त्याचा वनवास. वर आकाश तेंच, खालीं भूमि तीच, पाऊसहि तोच. न्यायालयानें विहाराची व्याख्या केली ती योग्यच केली. परंतु क्रोइकच्या आवारांतील त्या ताडपत्रीखालच्या रात्रीस विहार म्हणण्यास कोणाची जीभ धजणार नाहीं. आणि विहार करणारास जो निवांतपणा हवा असतो, तो अनेक दऱ्यांत या वनवासानेंच निर्माण केलेला आहे. एकाच्या आनंदाची शेज दुसऱ्याच्या मोडलेल्या घरावर घातली गेली आहे, ही गोष्ट माहीत झाल्यावर एकांताचें वर्णन पूर्वीच्या भाबडेपणानें करतां येत नाहीं.

हें स्मरण कसें ठेवावें याचा धडा त्या भूमींतील लोकांनींच घालून दिला आहे. रासे या बेटावर जन्मलेले गेलिक कवि सॉर्ली मॅक्लीन यांची 'हॅलेग' ही कविता १९५४ सालीं प्रसिद्ध झाली. हॅलेग हें त्याच बेटावरील, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उठविलेलें गांव. कवि तेथें जातो तेव्हां त्यास झाडें दिसतात, आणि तीं झाडें म्हणजेच गांवांतील मुली होत, असें तो पाहतो. प्रवासी ज्यास निसर्ग म्हणून नमस्कार करतो त्यासच हा कवि नातलग म्हणून ओळखतो. दुसरें उदाहरण अगदीं व्यवहारांतलें आहे. दूरच्या डोंगरांत जुन्या मेंढपाळांचीं, शेतकऱ्यांचीं व शिकारराख्यांचीं दगडी घरें पडीक झालीं होतीं. १९६५ सालीं स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन ही संस्था तशीं सुमारें शंभर घरें स्वयंसेवकांच्या श्रमांनीं दुरुस्त ठेवते. त्यांस बॉथी म्हणतात. कुलूप नाहीं, भाडें नाहीं. येणारानें निजावें, झाडून ठेवावें आणि दार लावून जावें. अशा घरांत निजणारास आपण कोणाच्या तरी चुलीपाशीं पाहुणे आहों, याचा विसर पडणें कठीण आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, हा भार फार झाला. शहराच्या गजबजाटाला कंटाळून दोन रात्रींसाठीं डोंगरांत गेलेल्या माणसानें गेल्या शतकांतील अन्यायांचें सुतक कां धरावें? आक्षेप सयुक्तिक आहे, आणि प्रत्येक पानावर विलाप घालणारे ग्रंथ आम्हांसहि नकोत. शिवाय आपल्या दुःखावर पदयात्रेचा उतारा शोधणारीं जीं पुस्तकें अलीकडे निघतात, त्यांत दुःखाच्या प्रदर्शनाची आधींच रेलचेल आहे. आमची मागणी याहून पुष्कळ लहान आहे. ती एका शब्दाच्या अचूकपणाची मागणी आहे. निर्जन आणि ओसाड हे शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. जेथें मनुष्य कधीं राहिलाच नाहीं तें निर्जन. जेथून मनुष्य गेला किंवा घालविला गेला तें ओसाड. टीकाकारानें लेखकास एवढेंच विचारावें कीं, या दोहोंतला भेद तुला दिसला काय? केर्नगॉर्मचें माथ्यावरचें पठार निर्जन आहे. स्ट्रॅथनेव्हर ओसाड आहे. मॅकफार्लन पहिल्याच्या शोधांत निघाले, आणि स्ट्रॅथनेव्हरसारख्या ठिकाणीं त्यांस दुसऱ्याची ओळख पटली. निर्मळ, मनुष्यस्पर्शरहित रान ही कल्पना टिकत नाहीं, हें पुस्तकाच्या उत्तरार्धांत ते मोकळेपणीं मान्य करतात. त्यांच्या पुस्तकाचें खरें मोल आम्ही या मतपालटांत मानतों, त्यांच्या शब्दकळेंत नव्हे.

या कसोटीस शेपर्डबाईंचें पुस्तक कसें उतरतें? इतिहास हा त्या ग्रंथाचा विषय नव्हे. परंतु बारा प्रकरणांत एक प्रकरण मनुष्यास दिलेलें आहे. वर पठारावर कोणी दिसत नसलें तरी मनुष्याच्या खुणा सर्वत्र आहेत, असें त्यांत दाखविलें आहे: वाटा, वाटांवर रचलेले दगडांचे ढीग, आसऱ्याचीं घरें, आणि पायथ्याशीं कष्टाचें जिणें जगणारीं शेतकरी माणसें, ज्यांच्या घरीं बाई उतरत व ज्यांच्या तऱ्हा त्यांस ठाऊक होत्या. डोंगरांत मरण पावलेल्यांचीहि आठवण त्यांत आहे. एकट्या हिंडणाऱ्या या स्त्रीस एकांत प्रिय होता, परंतु माणसांचा कंटाळा आला म्हणून ती डोंगरांत गेली असें एकाहि ओळींतून सूचित होत नाहीं. स्वतःस लहान करावें आणि तरी कोणासहि वगळूं नये, ही दुहेरी शिस्त आम्हांस या वाङ्मयांत दुसऱ्या कोणाच्या हातीं इतकी साधलेली दिसली नाहीं.

डार्टमूरचा निकाल लागला हें चांगलें झालें. माळावर निजण्याचा हक्क सर्वांस असावा, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. उलट ज्या देशांत एवढी जमीन इतक्या थोड्यांच्या हातीं गेली तेथें हा हक्क म्हणजे जुन्या ऋणाची एक लहानशी फेड आहे. परंतु हक्क मिळाला कीं त्याबरोबर स्मरणाची जबाबदारीहि येते, आणि ती कायद्यास सांभाळतां येत नाहीं. वाङ्मयासच सांभाळावी लागते. वाचकांनीं शेपर्डबाईंचें निद्रेचें प्रकरण अवश्य वाचावें. त्यांतला आनंद खरा आहे आणि तो कोणापासून हिरावून घेतलेला नाहीं. मात्र तें वाचून संपल्यावर क्षणभर क्रोइकच्या त्या खिडकीचीहि आठवण करावी, एवढीच आमची विनंति आहे.